ऊन, वय आणि ॲकॉस्टिक गिटारचा रंग : कोणता थर बदलला हे ओळखण्याची आणि त्यानुसार वागण्याची पद्धत

जुन्या ॲकॉस्टिक गिटारचे पिकगार्ड, म्हणजे वाजवताना ओरखडे पडू नयेत म्हणून फळीवर लावलेली पातळ चकती, काढले, की त्याखाली नेमक्या त्याच आकाराची फिकट जागा उघडी पडते. भोवतालची फळी मधाच्या रंगावर गेलेली असते आणि झाकलेला भाग मात्र गिटार नवी होती तेव्हाइतकाच पांढरट दिसतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटते, की गोंदाने लाकूड खराब केले किंवा वरचा लेप निघून आला. प्रत्यक्षात त्या जागेला काहीही झालेले नसते. जे काही झाले ते उरलेल्या फळीला झाले आणि ते इतके सावकाश झाले, की रोज गिटार हातात घेणाऱ्यालाही जाणवले नाही.

‘गिटारचा रंग बदलला’ असे आपण एका वाक्यात म्हणतो, पण त्या वाक्यात निदान चार निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. लाकूड प्रकाशाने बदलते, त्यावरचा लेप प्रकाशाने आणि वयाने बदलतो, प्लास्टिकचे भाग आपापल्या रसायनानुसार पिवळे पडतात, आणि धातूचे भाग मुख्यतः घाम आणि दमट हवेमुळे काळवंडतात. एका थरासाठी योग्य असलेला उपाय दुसऱ्या थराचे कायमचे नुकसान करू शकतो. म्हणून कोणता थर बदलला आहे हे ठरल्याशिवाय कोणताही द्रव, कोणतेही पॉलिश आणि कोणताही काचकागद गिटारला लावू नये, असा माझा आग्रह आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

प्रकाश नेमके काय करतो

लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन असते. गिटारच्या वरच्या फळीसाठी, म्हणजे टॉपसाठी, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या स्प्रूससारख्या सूचिपर्णी लाकडात लिग्निनचे प्रमाण साधारण २५ ते ३० टक्के असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे लिग्निनच शोषून घेते. त्याचे रेणू तुटतात, हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो आणि क्विनोनसारखी पिवळसर-तपकिरी रंग देणारी संयुगे तयार होतात. लाकूड ‘पिकते’ असे आपण म्हणतो ते हेच.

या बदलाची खोली लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचे कितीतरी निर्णय त्यावर अवलंबून आहेत. अतिनील किरण लाकडात सुमारे ७५ मायक्रोमीटर आणि दृश्य प्रकाश सुमारे २०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.२ मिलिमीटर इतकाच आत जातो. टॉपची जाडी २.५ ते ३ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हाने आलेला तो सुंदर मधाळ रंग केवळ वरच्या कातडीचा असतो आणि त्याखाली लगेच फिकट लाकूड असते. एखादा ओरखडा घालवण्यासाठी फळी थोडीशी घासली, की लख्ख पांढरा ठिपका उघडा पडतो तो यामुळेच. याउलट, काही उत्पादक टॉपची फळी ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत भाजून मुद्दाम गडद करतात. त्या फळीचा तपकिरी रंग उष्णतेने आलेला असल्यामुळे तो जाडीभर आरपार असतो. दोन्ही गिटार दुरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या दुरुस्तीचा हिशेब पूर्ण वेगळा असतो.

परिणाम हा प्रकाशाची तीव्रता आणि त्याखाली घालवलेला वेळ यांच्या गुणाकारावर ठरतो. भर दुपारच्या थेट उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स असतो, तर दिवे लावलेल्या खोलीत तो ३०० ते ५०० लक्स असतो. ५०० लक्सच्या खोलीत २०० तासांत पडेल तेवढा प्रकाश थेट उन्हात एका तासात पडतो, आणि उन्हातील अतिनील किरणांचा वाटा घरातील दिव्यांपेक्षा बराच अधिक असल्याने खरा फरक याहूनही मोठा असतो. गिटार खिडकीच्या काचेआड आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. साधी काच ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण बहुतांशी अडवते, पण ३२० ते ४०० नॅनोमीटरमधील बराचसा भाग आत येऊ देते, आणि लिग्निनला तेवढा पुरतो.

आणखी एक गोष्ट. बदलाचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो. नव्या गिटारची पहिली काही वर्षे म्हणूनच सर्वांत महत्त्वाची असतात. त्या काळात अर्धी गिटार उजेडात आणि अर्धी सावलीत राहिली, तर पडलेली रेघ सहज पुसली जात नाही.

पहिली पायरी : आजच्या रंगाची नोंद

स्मरणशक्ती रंगाच्या बाबतीत अत्यंत अविश्वसनीय असते, त्यामुळे सुरुवात छायाचित्रांनी करावी. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नव्हे अशा जागी गिटार ठेवावी, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करावा आणि चौकटीत गिटारशेजारी पांढऱ्या कागदाचा एक कोरा तुकडा ठेवावा. पुढे कधीही तुलना करताना दोन्ही छायाचित्रांतील कागद सारखाच पांढरा दिसतो आहे ना, हे आधी पाहायचे. तो पिवळा दिसत असेल, तर फरक प्रकाशयोजनेचा आहे, गिटारचा नाही. टॉप, पाठ, दोन्ही बाजू, हेडस्टॉकची (खुंट्या असलेल्या टोकाची) मागची बाजू आणि बाइंडिंगचा (कडेने बसवलेल्या पट्टीचा) जवळून एक भाग इतके फोटो पुरतात. दर सहा महिन्यांनी ते त्याच जागी आणि दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा घ्यावेत.

दुसरी पायरी : मळ की खरा रंगबदल

नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, मागे, टॉपच्या वरच्या कडेला जिथे हात टेकतो तिथे आणि हेडस्टॉकवर दिसणारा काळपटपणा पुष्कळदा घाम, तेल आणि धूळ यांचा थर असतो. मऊ सुती फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, फडके ओले न वाटता जेमतेम गार वाटेल इतपत, आणि हलक्या हाताने पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. फडक्यावर तपकिरी डाग आला आणि खालचा रंग उजळला, तर तो मळ होता. लेपाला तडे गेलेले असतील किंवा कुठे उघडे लाकूड दिसत असेल, तर तिथे ओले फडके नेऊ नये. पाणी तड्यात शिरते आणि आतले लाकूड काळे पडते.

चिकट मळ पाण्याने निघत नसेल, तर कापसाच्या बोळ्यावर थोडा नॅप्था (पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव) घेऊन आधी न दिसणाऱ्या जागी चाचणी करावी आणि मगच पुढे जावे. बहुतेक लेपांना तो सोसतो. मात्र तो अत्यंत ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. स्पिरिट, ॲसिटोन आणि थिनर यांना या कामात जागा नाही, कारण स्पिरिट लाखेचा लेप विरघळवते आणि ॲसिटोन व थिनर नायट्रोसेल्युलोज लॅकर हा लेप विरघळवतात.

रबरी स्टँडने पडणारा डागही येथेच वेगळा काढावा. रबर किंवा मऊ व्हिनाइल लॅकरला दीर्घकाळ टेकून राहिले, की त्यातील मऊपणा आणणारी रसायने लॅकरमध्ये शिरतात आणि लेप तिथे मऊ, चिकट किंवा मळकट होतो. या डागाचा आकार स्टँडच्या टेकूसारखा असतो, तो हाताला जाणवतो, आणि प्रकाशाशी त्याचा काहीही संबंध नसतो. तो पुसून जात नाही. आधी स्टँडचा तेवढा भाग सुती कापडाने गुंडाळावा, म्हणजे निदान पुढचे नुकसान थांबते.

तिसरी पायरी : कोणता थर बदलला

सर्वांत सोपी तपासणी साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, होते. आतली बाजू सहसा लेपाशिवायची असते, त्यामुळे छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन टॉपची आतली बाजू पाहावी. बाहेर गडद मधाळ आणि आत फिकट असा मोठा फरक असेल, तर बाहेरचा रंग प्रकाशाने आलेला आहे किंवा तो लेपातच आहे. आतली बाजूही बदामी झालेली असेल आणि टॉप भट्टीत भाजलेला नसेल, तर गिटार बहुधा खरोखर जुनी आहे, कारण अंधारातसुद्धा हवेतील ऑक्सिजनमुळे लाकूड हळूहळू गडद होतच असते. साउंडहोलच्या नेमक्या खाली पाठीच्या आतल्या बाजूवर एक लंबगोल वेगळ्या छटेचा दिसतो तोही पाहून ठेवावा. वर्षानुवर्षे भोकातून आत आलेल्या उजेडाने तो पडतो आणि आतल्या लेबलाचा कागद पिवळा पडतो तोही त्याच उजेडाने.

यानंतर लाकडाची जात लक्षात घ्यावी, कारण सगळीच लाकडे गडद होत नाहीत. स्प्रूस पांढरट रंगावरून मधाळ होते. मेपल पिवळसर होते. चेरी फार वेगाने, थेट उन्हात तर काही दिवसांतच, लालसर गडद होते. महोगनी सावकाश लालसर-तपकिरी होत जाते. वेस्टर्न रेड सिडार मुळातच तपकिरी असल्याने त्याच्यातील बदल डोळ्यांना कमी जाणवतो. अक्रोडाचे लाकूड मात्र प्रकाशात उजळत जाते, आणि शिसवीतील जांभळी झाक हळूहळू विरून साधा तपकिरी रंग उरतो. पडौकचा नवा असतानाचा भडक केशरी-लाल रंग तपकिरीत बुडतो. हा बदल इतका ठळक असतो, की पडौकची गिटार त्या रंगासाठी घेणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवे असे मला नेहमी वाटते.

आबनूसाच्या फ्रेटबोर्डवर (बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीवर) राखाडी किंवा तपकिरी पट्टे दिसू लागले, तर बहुधा लाकूड मुळात पूर्ण काळे नव्हते आणि त्याला काळा रंग दिलेला होता, जो प्रकाशाने आणि बोटांच्या घर्षणाने उडत चालला आहे. किंचित ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडके काळे झाले, तर ही शंका बळावते. तेल लावून काळेपणा थोडा वेळ परत आल्यासारखा वाटतो, पण तो तेलाच्या ओलाव्याचा असतो आणि ते सुकले की जातो. रंग आणण्यासाठी पुन्हा पुन्हा तेल लावण्याची सवय फ्रेटबोर्डला चिकट करते.

आता लेप. जुन्या आणि महागड्या गिटारवर आढळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगकामात रुजले आणि तिथून वाद्यांवर आले. त्याचा थर पातळ, साधारण एक दशांश मिलिमीटर, असतो आणि तो स्वतःच पिवळा पडतो, अतिनील प्रकाशात वेगाने आणि अंधारात सावकाश. पांढऱ्या बाइंडिंगचा लोण्यासारखा झालेला रंग पुष्कळदा बाइंडिंगचा नसून त्यावरच्या लॅकरचा असतो. कडेला लॅकर झिजलेल्या एखाद्या जागी खाली पांढरे प्लास्टिक तसेच राहिलेले दिसते. पॉलियुरेथेन या लेपात दोन जाती आहेत: ॲरोमॅटिक रसायनापासून बनलेला लेप प्रकाशात पिवळा पडतो, ॲलिफॅटिक रसायनापासून बनलेला जवळजवळ पडत नाही. लाखेचे फ्रेंच पॉलिश, जे आजही अनेक क्लासिकल गिटारवर हाताने चढवले जाते, मुळातच किंचित सोनेरी असते, त्यामुळे तो रंग वयाचा समजण्याची चूक होते. जवसाच्या तेलावर आधारलेल्या व्हार्निशची तऱ्हा तर उलटीच: ते अंधारात पिवळे पडते आणि उजेडात पुन्हा काहीसे उजळते. गिटार कायम पेटीत बंद ठेवली की रंगाची काळजी मिटली, असे म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

लेप ओळखण्यासाठी अतिनील टॉर्च फार उपयोगी पडतो. खोलीत पूर्ण अंधार करून टॉर्च टॉपवर फिरवावा आणि त्याच्या झोतात थेट पाहू नये. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळे चमकते, लाख नारिंगी झाक देते, आणि नंतर केलेली डागडुजी भोवतालच्या चमकीत वेगळ्या गडद ठिपक्यासारखी उठून दिसते. काही सेकंदांच्या या तपासणीने रंगावर परिणाम होत नाही. जुनी म्हणून विकली जाणारी गिटार पाहताना ही तपासणी अवश्य करावी, कारण आता अनेक नव्या गिटारच्या लेपातच सोनेरी छटा मिसळून त्यांना वयाचा रंग दिला जातो. त्यात फसवणूक असतेच असे नाही, उत्पादक ते उघड सांगतातही. पण अशा गिटारचा पिवळेपणा पिकगार्डखालीसुद्धा दिसतो आणि उन्हाने पिकलेल्या गिटारचा तिथे दिसत नाही.

सनबर्स्ट (मध्ये फिकट आणि कडेकडे गडद होत जाणाऱ्या) किंवा चेरी (लाल) रंगाच्या गिटारमध्ये घटना उलट दिशेने घडते. तिथे गडद होण्याऐवजी लाल रंग उडतो. गिब्सनच्या १९५८ ते १९६० या काळातील लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारचे उदाहरण सर्वपरिचित आहे. त्यांवरच्या चेरी सनबर्स्टमधील लाल रंग प्रकाशाने विटून कित्येक गिटार लिंबाच्या किंवा चहाच्या रंगाच्या झाल्या, आणि पुढे कंपनीने न विटणारा लाल रंग वापरायला घेतला. ॲकॉस्टिक गिटारवरही नियम तोच आहे: रंग लाल किंवा केशरी असेल, तर नैसर्गिक रंगाच्या गिटारपेक्षा तिला प्रकाशापासून अधिक जपावे.

चौथी पायरी : प्लास्टिक, हाड आणि धातू

जुन्या बाइंडिंग आणि पिकगार्डमध्ये सेल्युलॉइड असते, नव्यांत एबीएससारखी प्लास्टिके. एबीएस पिवळे पडते ते त्यातील रबरासारख्या घटकाचे ऑक्सिडीकरण झाल्यामुळे, आणि तो केवळ रूपाचा प्रश्न असतो. सेल्युलॉइडचे तसे नाही. ते वयाबरोबर आकसते. जुन्या काही गिटारवर पिकगार्ड थेट उघड्या लाकडावर चिकटवलेले असे, आणि आकसताना ते स्प्रूसला ओढून कडेने चीर पाडते. त्याहून गंभीर म्हणजे सेल्युलॉइड आतून विघटित होऊ लागले, तर त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे बाहेर पडतात. पेटी उघडताच नाकाला झोंबणारा वास येणे, बाइंडिंग किंवा पिकगार्ड चिकट होणे अथवा त्याचे तुकडे पडणे, आणि जवळचे धातूचे भाग अचानक हिरवट होणे, ही त्याची लक्षणे होत. असे दिसल्यास गिटार बंद पेटीत मुळीच ठेवू नये. मोकळ्या हवेत, इतर वाद्यांपासून दूर ठेवून तो भाग जाणकाराकडून काढून घ्यावा. सेल्युलॉइड भयंकर वेगाने पेटते, म्हणून घरी गरम हवेच्या यंत्राने ते सोडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

तारा ज्यांवर टेकतात ते हाडाचे तुकडे, म्हणजे मानेच्या टोकाचे नट आणि टॉपवरचे सॅडल, पिवळे पडतात ते त्यात उरलेल्या चरबीमुळे आणि हाताच्या तेलामुळे. ऊन हाडाला उजळवते, त्यामुळे पेटीत राहिलेल्या गिटारचे सॅडल भिंतीवरच्या गिटारपेक्षा पिवळे असू शकते. तो दोष नाही, आणि केवळ रंगासाठी चांगले बसलेले सॅडल बदलणे मला पटत नाही. त्याची उंची आणि बैठक जमून आलेली असते. फ्रेटबोर्डवर जडवलेला शिंपला, रासायनिक दृष्टीने कॅल्शियम कार्बोनेट, प्रकाशाने जवळजवळ बदलत नाही. हेडस्टॉकवरचा शिंपला पिवळा दिसला, तर तो रंग वरच्या लॅकरचा आहे.

धातूंचा उन्हाशी संबंध थोडाच. फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, सहसा निकेल-सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे आणि घामाने ते पिवळट, मग तपकिरी होते. निकेलचा मुलामा दिलेल्या खुंट्या धुरकट होतात, सोन्याचा मुलामा बोटांच्या घर्षणाने झिजतो, क्रोम बराच काळ टिकते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे हाच यांवरचा खरा उपाय आहे. धातूचे पॉलिश वारंवार वापरल्यास पातळ मुलामाच निघून जातो.

पाचवी पायरी : घरातील प्रकाश तपासणे

गिटार जिथे टांगायची त्या जागेची परीक्षा गिटार न टांगता करता येते आणि मी ती प्रत्येकाला सुचवतो. स्प्रूसचा कोणताही टाकाऊ तुकडा घ्यावा, तो हलका घासून ताजा पृष्ठभाग उघडा करावा, त्याच्या मधोमध ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि तुकडा नेमका त्या जागी ठेवावा. चार आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावी. झाकलेला आणि उघडा भाग यांत स्पष्ट रेघ दिसली, तर ती जागा गिटारसाठी योग्य नाही. रेघ शोधावी लागत असेल, तर जागा ठीक आहे. ही चाचणी प्रत्यक्ष गिटारवर चिकटपट्टी लावून करू नये, कारण पट्टी ओढताना जुना लेप तिच्याबरोबर निघून येतो.

संग्रहालये रंगीत कापडासारख्या अतिसंवेदनशील वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स आणि लाकडासारख्या मध्यम संवेदनशील वस्तूंसाठी सुमारे २०० लक्स इतकाच प्रकाश ठेवतात. घरात एवढी काटेकोरता शक्य नाही आणि वाजवण्याच्या गिटारसाठी ती आवश्यकही नाही. थेट उन्हाची तिरीप वर्षातल्या कोणत्याही महिन्यात गिटारवर पडू नये, एवढे मात्र निश्चित पाळावे. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकतो, त्यामुळे एका ऋतूत सावलीत असलेली भिंत दुसऱ्या ऋतूत उन्हात येते. जागा ठरवण्यापूर्वी हे दोन्ही ऋतूंत पाहावे. खिडकीवर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावल्यास खूप फरक पडतो, तरी दृश्य प्रकाशाचा निळा भाग थोडे काम करीत राहतोच. एलईडी दिव्यांतून अतिनील किरण नगण्य येतात. गिटार भिंतीवर असेल, तर तिच्यावर पट्टा, कापड किंवा टोपी अर्धवट लटकत ठेवू नये. त्यांची सावली वर्षभरात टॉपवर उमटते.

उन्हाबरोबर उष्णताही येते, आणि ती रंगाहून अधिक धोक्याची आहे. उन्हात उभ्या मोटारीत तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. तिथे गोंद मऊ पडून ब्रिज (टॉपवरचा, तारा अडकवलेला लाकडी भाग) उचलला जातो आणि सांधे सरकतात.

सहावी पायरी : फिकट राहिलेला भाग जुळवणे

पिकगार्ड निघाल्यानंतरची फिकट जागा जुळवायची असेल, तर पहिला आणि सर्वांत चांगला उपाय थांबणे हा आहे. उघडी पडलेली जागा बदलाच्या वेगवान टप्प्यात असते आणि भोवतालचा भाग मंदावलेल्या टप्प्यात. दोघांतील अंतर साध्या घरगुती उजेडात आपोआप कमी होत जाते. माझ्या स्वतःच्या एका गिटारवर ही रेघ पूर्ण गेली नाही, पण दोन-तीन वर्षांत ती इतकी मवाळ झाली, की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.

थांबायचे नसेल, तर काळ्या जाड कागदाचा मुखवटा कापावा. आधी खात्री करावी, की त्या जागेवर लेप आहे. पिकगार्ड उघड्या लाकडावर चिकटवलेले असेल, तर प्रथम लाकूड पिकवायचे आणि त्यानंतर कारागिराकडून लेप द्यायचा, हाच क्रम बरोबर आहे. तारा सैल करून कागद त्यांच्या खालून सरकवावा, चिकटपट्टी लावू नये, आणि फक्त फिकट भाग उघडा राहील असे पाहावे. मग गिटार तेजस्वी पण थेट ऊन नसलेल्या जागी रोज तास-दोन तास ठेवावी. टॉप हाताला कोमट लागू लागला, तर ती जागा अयोग्य आहे. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी, कारण कोरड्या हवेत तापलेली स्प्रूसची फळी मधल्या सांध्यावर उघडते. दर वेळी मुखवटा दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे सरकवावा, म्हणजे नवी ठसठशीत रेघ तयार होणार नाही. आठवड्यातून एकदा छायाचित्र घ्यावे, आणि रंग पूर्ण जुळण्याच्या थोडे आधीच थांबावे. ती जागा पुढेही भोवतालापेक्षा वेगाने गडद होत राहणार आहे, आणि पूर्ण जुळेपर्यंत उजेडात ठेवल्यास काही काळाने ती उलट जास्त गडद दिसेल.

नवी गिटार बनवणारे कारागीर लेप देण्यापूर्वीच कोरी गिटार काही दिवस उजेडात किंवा अतिनील दिव्यांच्या पेटीत फिरवत ठेवतात. सुरुवातीचा वेगवान टप्पा असा सर्व बाजूंनी सारखा पार पडला, की पुढे पिकगार्डची किंवा स्टँडची सावली तितकी ठळक उमटत नाही.

पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने पांढरे करण्याची पद्धत सुट्या एबीएस भागांसाठी वापरली जाते. गिटारला चिकटलेल्या बाइंडिंगवर ती वापरू नये. पेरॉक्साइड कडेच्या लाकडात शिरते, तिथला रंग उडवते, लेपाला डाग पाडते, आणि पिवळेपणा पुन्हा परतू शकतो. लॅकर पिवळे पडले म्हणून ते घासून काढण्याबाबतही माझे मत स्पष्ट आहे: करू नये. लेपाबरोबर पिकलेल्या लाकडाची ती पातळ कातडी कुठे जाते आणि कुठे राहते, टॉपवर ढगाळ पट्टे येतात, मूळ लेप गेल्याने जुन्या गिटारचे मोलही उतरते.

कारागिराकडे देताना

तडा, खोल ओरखडा किंवा उघडा पडलेला पांढरा ठिपका दुरुस्त करायला द्यायचा असेल, तर तिसऱ्या पायरीत मिळालेली माहिती लिहून सोबत द्यावी: लेप कोणता वाटतो, अतिनील टॉर्चमध्ये कुठे जुनी डागडुजी दिसली, आतली बाजू किती गडद आहे. रंग जुळवण्याचे काम कारागीर सहसा सोनेरी छटा मिसळलेल्या लॅकरच्या पातळ थरांनी करतो. जुळलेला रंग दुकानातील दिव्याखाली पाहून मान्य करू नये. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, त्यामुळे गिटार दाराशी आणून सावलीतील दिवसाच्या उजेडात, आणि मग घरात ज्या दिव्याखाली ती राहणार त्याच प्रकारच्या दिव्याखाली पाहावी. दुरुस्त जागा भोवतालापेक्षा कणभर फिकट असेल, तर ती तशीच स्वीकारावी, कारण तिच्याखालचे लाकूड अजून कोवळे आहे आणि पुढच्या वर्षभरात ते स्वतःच थोडे गडद होईल.